१९८८ चा अँप्लिफायर, हूंऽऽ असा आवाज येतोय. मेन कंडेन्सर बदलावेत का?

गावभाग_सांगली · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

घरी वडिलांचा स्टिरिओ अँप्लिफायर आहे, एका बाजूला ४० वॅटचा. १९८८ साली त्यांनी तो पुण्याहून एसटीत मांडीवर ठेवून आणला होता. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, पण अँप माळ्यावर होता म्हणून वाचला. नंतर घर सावरण्यात तो तसाच गुंडाळून राहिला. वडील गेल्या वर्षी गेले. परवा माळा आवरताना हाती लागला, खाली काढला, पुसला आणि लावला.

दोन्ही स्पीकरमधून हूंऽऽ असा सलग आवाज येतो. व्हॉल्यूम झिरोला असला तरी येतो. गाणं लावलं तर गाणंही वाजतं, पण हळू भागात हूं वर येतो.

दोन ठिकाणी दाखवला. एकाने न उघडताच सांगितलं, "दोन्ही मेन कंडेन्सर गेलेत, साडेतीन हजार होतील, आठ दिवस ठेवून जा." दुसरा म्हणाला, "एवढ्यात नवीन येतो, भंगारात द्या." मी घरी आणून झाकण उघडलं. आत काळे दोन डबे आहेत, तेच मेन कंडेन्सर, १०००० एमएफडी (मायक्रोफॅरड), ५० व्होल्ट, ८५ डिग्री. दोन्हींच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला चिकटा आहे. गळती झाली असेल का?

सोल्डरिंग मला येतं, बारावीपर्यंत बरीच किट जोडली आहेत. प्रश्न एवढाच की हे कंडेन्सर बदलावेत का, बदलायचे तर किती व्हॅल्यूचे, आणि घरी जमेल का? अँप भंगारात द्यायचा नाही, हे नक्की.

हळदीचं_पोतं · रात्री १०:३०

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक आहे, फक्त तो माळ्यावर नव्हता. पुरात पूर्ण बुडाला होता.

जुना_कारागीर (मिरज) · रात्री ११:०५

गावभाग, पहिलं काम म्हणजे तो परत थेट लाईटला लावू नका.

पाच-सहा वर्षं पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून झोपलेला असतो. आत अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तो थरच खरा इन्सुलेटर. व्होल्टेज मिळालं नाही की थर हळूहळू विरतो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की लीकेज वाढतं, डबा तापतो आणि फुटूही शकतो. तुमचा एकदा लावून वाचला, त्यावर विसंबू नका. डिमरस्टॅट, म्हणजे लाईटचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र, मिळाला तर ६० व्होल्टपासून सुरू करा, तिथे पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग १२०, मग १८०, मग पूर्ण. दर टप्प्याला डब्याला हात लावून बघा. डिमरस्टॅट नसेल तर सिरीज बोर्ड करा. अँपच्या फेजमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब आधी लख्ख पेटून मग मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

दुसरं, तो तपकिरी चिकटा बहुतेक गळती नाही, गोंद आहे. डबे हलू नयेत म्हणून कंपनीत लावायचे. नवीन असताना पिवळसर असतो, गरम होऊन तपकिरी पडतो. पण गळती नाही म्हणून सोडू नका. जुना झाला की तो गोंद थोडा करंट वाहू देतो आणि खालचा तांब्याचा ट्रॅक खातो. लाकडी काडीने खरडून काढा.

तिसरं. व्हॉल्यूम झिरोला ठेवा आणि बासचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हूं कमी-जास्त होतो का, ते सांगा. याचं उत्तर आल्याशिवाय मी कुठलाच कंडेन्सर बदला म्हणणार नाही.

विटेकर · रात्री ११:२०

मी त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूचा. आता क्लास डीचे बोर्ड हजार-बाराशेत मिळतात, तळहाताएवढे. तापत नाहीत, हूं नाही. जुन्यात एक दुरुस्त केलं की दुसरं निघतं. वेळेलाही किंमत आहे.

डॉल्बी_तासगाव · रात्री ११:४१

विटेकर भाऊ, त्याच्या वडलांनी मांडीवर घिऊन आनलाय त्यो. बोर्ड कुठं मांडीवर घिऊन येतंय कोन?

गावभाग दादा, बदला बिनधास्त. आन् १०००० ला १०००० नका टाकू, २२००० टाका. आमच्या सिस्टिमला आमी तेच करतो, बास असा बसतो की छातीत वाजतोय.

वालचंदी_ताई · रविवार, सकाळी ७:५०

डॉल्बी भाऊ, २२००० वर जरा थांबू या.

आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची. ब्रिजमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमधून, गेल्यावर सेकंदाला १०० वेळा कंडेन्सर भरतो आणि मधल्या काळात तोच एकटा अँपला करंट पुरवतो. त्या काळात व्होल्टेज किती खाली येतं याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: करंट भागिले १०० गुणिले फॅरड. २ अँपियर ओढले आणि कंडेन्सर खरोखर १०००० असेल, म्हणजे ०.०१ फॅरड, तर २ व्होल्ट. तोच वाळून २५०० वर आला असेल तर ८ व्होल्ट. म्हणून जुन्या अँपमध्ये मोठ्या आवाजाला बास ढिला पडतो. २२००० टाकले तर १ व्होल्टच्याही खाली. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण कंडेन्सर मोठा झाला की व्होल्टेज कमी उतरतं, त्यामुळे ब्रिजला भरायला वेळही कमी मिळतो. तेवढाच करंट कमी वेळात, म्हणजे उंच उंच झटक्यांत जातो. जुना ब्रिज, जुनं स्विच, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांवर ताण येतो. चालू करतानाचा पहिला झटका तर वेगळाच. तुमच्या सिस्टिमचे ब्रिज ३५ अँपियरचे, हीटसिंकवर बसवलेले असतील. यांच्या १९८८ च्या अँपमध्ये चार साधे डायोड असण्याचीच शक्यता जास्त. १०००० च्या जागी १०००० किंवा फार तर १५०००.

व्होल्टेज मात्र वाढवून घ्या, ५० ऐवजी ६३. ट्रान्सफॉर्मर २८-०-२८ असेल तर रेल, म्हणजे अँपचा आतला डीसी सप्लाय, ३८ च्या आसपास येते. पण रात्री उशिरा आमच्या विश्रामबागच्या घरी मी स्वतः मीटरवर २५० व्होल्ट पाहिलेत. तेव्हा रेल ४२ वर जाते. ५० मध्ये बसतं, पण अंगाला घट्ट बसतं.

डॉल्बी_तासगाव · सकाळी ८:१५

पटलं ताई. आमचे ब्रिज मेटलवालेच हायत, हीटसिंकला नटबोल्टनं आवळल्याले. मागं एक मंडळाचा साधा ब्रिज जळला हुता मिरवनुकीत, त्याचं कारन आत्ता कळालं.

तंबोरा_मिरज · सकाळी ९:०२

मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, आमचं घराणं सतार-तंबोऱ्याचं. पण एक विचारतो, तो हूं कुठल्या सुरात आहे?

वालचंदी_ताई · सकाळी ९:२०

फार चांगला प्रश्न. दोन शक्यता असतात. फिल्टर, म्हणजे सप्लायचे कंडेन्सर, कमी पडत असेल तर १०० हर्ट्झ, कारण ब्रिज लाईटची लहर दुप्पट करतो. अर्थिंगचा किंवा वायरिंगचा घोळ असेल तर ५०. फोनवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं कुठलंही अॅप उघडून स्पीकरजवळ धरलं तरी कळतं.

तंबोरा_मिरज · सकाळी ९:४४

मग दोन्हीकडे सूर एकच, फक्त एका सप्तकाचं अंतर. पांढरी पाच ९८ हर्ट्झला येते, तिच्यापेक्षा हा किंचित चढा. गावभाग, तुमचा अँप पांढरी पाचला लागलाय. जवारी काढायला आमच्याकडे आणा!

गावभाग_सांगली · सकाळी १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. तंबोरा, वडिलांना तुमचा प्रश्न फार आवडला असता.

फोनवर बघितलं, १०० हर्ट्झला उंच सुळका आहे. म्हणजे फिल्टरच. कुपवाडच्या एका मित्राकडून सिरीज बोर्ड आणतोय. कंडेन्सर काढून मोजतो आणि सांगतो. काढायच्या आधी करंट बाहेर कसा काढायचा? स्क्रूड्रायव्हर टेकवून करतात असं पाहिलंय.

जुना_कारागीर · सकाळी १०:५२

स्क्रूड्रायव्हर नको. मी शिकाऊ होतो तेव्हा तसं केलं होतं. ठो आवाज झाला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा तुकडा उडाला आणि टर्मिनलला खड्डा पडला. माझ्या उजव्या अंगठ्याजवळचा पांढरा डाग त्या दिवसाचा.

१०० ओहमचा, ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर घ्या. दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावा. एक हात खिशात ठेवा, दुसऱ्याने क्लिप लावा. १०००० ला १०० ओहम म्हणजे एका सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, पाच सेकंदांत जवळजवळ रिकामा, तरी वीस सेकंद धरा. मग मीटर लावून बघा. आणि दहा मिनिटांनी परत बघा, कारण मोठा कंडेन्सर रिकामा केल्यावर थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं.

दोन्ही डब्यांना वेगवेगळं करायचं. एक झाला म्हणून दुसरा होत नाही.

आणि बासचा नॉब?

कानसेन (पुणे) · दुपारी १२:०५

बदलताच आहात तर ऑडिओ ग्रेडचे घ्या. मी माझ्या अँपमध्ये साधे काढून ऑडिओ ग्रेडचे टाकले, शिवाय प्रत्येकाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर. तबल्याच्या चाटीची किनार स्वच्छ झाली. तीस वर्षं ऐकतोय, माझे कान मला फसवत नाहीत.

वालचंदी_ताई · दुपारी १२:४०

कानसेन, तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे, पण एक गोष्ट वेगळी काढावी लागेल. तुम्ही जुने, वाळलेले कंडेन्सर काढून नवे टाकलेत. चांगल्या कंपनीचे साधे नवे टाकले असते तरी चाट स्वच्छ झालीच असती. फरक नव्याचा की ग्रेडचा, हे कळायला दोन नवे संच शेजारी हवेत. मेन फिल्टरच्या जागी मी रिपल करंट रेटिंग (भरता-उतरतानाचा किती करंट सोसतो ते), १०५ डिग्री आणि ओळखीचा विक्रेता एवढंच बघते. फिल्म कंडेन्सरने सहसा नुकसान नाही, पण हूं जाणार नाही.

कानसेन · दुपारी १:१०

शेजारी दोन नवे संच मी कधीच ऐकले नाहीत, हे मान्य. करून बघतो. तरी फिल्मवाले मी काढणार नाही.

सातारी_कंदी (सातारा) · दुपारी २:३०

गावभाग, एक चूक सांगतो, ती करू नका.

तुमच्या अँपमध्ये प्लस आणि मायनस अशा दोन रेल असतील. मायनसच्या कंडेन्सरचं प्लस टोक ग्राउंडला जातं आणि मायनस टोक रेलला. मी मात्र दोन्ही डबे एकाच दिशेने बसवले, दोन्हींचे पट्टे डावीकडे, दिसायला शिस्तीत. चालू केल्यावर साधारण पंधरा सेकंदांनी फुसऽऽ आणि मग धडाम. डब्याचा पत्रा छताला लागला. खोलीभर कापसासारखे कागदाचे तुकडे आणि माशांसारखा वास, तो दोन दिवस गेला नाही. मी तेव्हा बाजूच्या खोलीत होतो म्हणून डोळे वाचले.

तेव्हापासून जुना काढण्याआधी मी फोटो काढतो आणि बोर्डवर पट्ट्याच्या बाजूला मार्करने खूण करतो. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब आणि डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हवंच.

हळदीचं_पोतं · दुपारी २:५५

बापरे. चष्मा लक्षात ठेवतो.

मध्येच विचारतो, माझ्या बुडालेल्याचं काही होईल का? आयर्विन पुलाला पाणी किती चढलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या दुकानात चार दिवस पाणी होतं. आत गाळ वाळून बसलाय.

जुना_कारागीर · दुपारी ३:२०

होईल असं गृहीत धरून काम करा, पण लाईट लावू नका. पुरानंतर माझ्याकडे महिनाभर फक्त गाळाचंच काम होतं.

झाकण काढा, ट्रान्सफॉर्मर सुटा करा. बाकी बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. होय, पाण्यानेच. गाळ वाळला की ओल धरून ठेवतो आणि ट्रॅक खातो, त्यापेक्षा धुऊन सुकवलेला बरा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात द्या, सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. कंडेन्सर सीलबंद असतात, पुष्कळ वेळा तेच वाचतात. मरतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि व्हॉल्यूम, स्विच, रिले यांच्यात गाळ शिरलेला असतो. ट्रान्सफॉर्मर मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर, तपासल्याशिवाय वापरू नका, बाहेरून कोरडा दिसला तरी आत ओल असते.

कुपवाड_एमआयडीसी · दुपारी ४:०५

सिरीज बोर्ड दिलेला मित्र मीच. खरेदीबद्दल दोन शब्द.

मोठ्या कंडेन्सरमध्ये नकली माल फार आहे. मी एकदा ऑनलाइन मागवले, १०००० छापलेलं, मोजले तर ३००० च्या आत. चिडून एक कापला. मोठ्या डब्याच्या आत लहान डबा आणि उरलेल्या जागेत कागद कोंबलेला. तेव्हापासून वजन करून बघतो, खऱ्याला हाताला वजन लागतं. पुण्याला गेलो की तपकीर गल्लीत ओळखीच्या दुकानातून घेतो, मुंबईला लॅमिंग्टन रोडला. दुकानात मोजून दाखवतात, तो मीटर सोबत ठेवतात अशांकडूनच घ्या.

आणि पायांचं अंतर मोजून जा. नवे डबे त्याच व्हॅल्यूला लहान येतात, पण स्नॅप-इनच्या दोन पायांतलं अंतर सहसा १० मिलिमीटरच असतं, त्यामुळे भोकात बसतात.

वालचंदी_ताई · रात्री ९:१५

एक हिशोब देऊन ठेवते, कारण "जुना झाला म्हणून गेला" हे अर्धंच खरं आहे. कंडेन्सर वयापेक्षा उष्णतेने मरतो.

डब्यावर लिहिलेलं असतं ८५ डिग्री, आणि माहितीपत्रकात साधारण २००० तास. म्हणजे सतत ८५ डिग्रीत ठेवला तर २००० तास. तिथून दर १० डिग्री खाली आलं की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. तुमचे मोठे डबे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, समजा ४५ डिग्रीवर. ४० डिग्री खाली, म्हणजे चार वेळा दुप्पट, ३२००० तास. रोज तीन तास ऐकलं तर जवळपास २९ वर्षं.

आता त्याच बोर्डवर एखादा छोटा कंडेन्सर गरम रेझिस्टरला चिकटून बसलाय, ७५ डिग्रीवर. एकदाच दुप्पट, ४००० तास. तेवढ्याच ऐकण्यात पावणेचार वर्षंही नाहीत.

म्हणून जुन्या अँपमध्ये मोठे, डोळ्यांत भरणारे डबे ठीक निघतात आणि कोपऱ्यातला नखाएवढा मेलेला असतो. कारागीरकाका बासच्या नॉबवर का अडून बसलेत, ते मला आता कळायला लागलंय.

जुना_कारागीर · रात्री ९:३०

ताई, बरोबर ओळखलंत.

गावभाग_सांगली · पुढचा शनिवार, रात्री ८:४०

आठवडाभर गप्प होतो, कामाला लागलो होतो.

डबे रिकामे केले. मीटरवर आधी ३६ व्होल्ट, रेझिस्टर लावल्यावर शून्य, आणि दहा मिनिटांनी खरंच १.८ दाखवत होता. काकांनी सांगितलं नसतं तर घाबरलो असतो. तपकिरी चिकटा गोंदच निघाला, काडीने खरडताना राळेसारखा तुकड्या-तुकड्यांनी आला. खाली एक ट्रॅक हिरवट पडला होता, त्यावर वायरचा जोड दिला.

कंपोनंट टेस्टरवर एक डबा ६२४० आला, ईएसआर (आतला रोध) ०.११ ओहम. दुसरा ८३१०, ०.०६ ओहम. म्हणजे पूर्ण मेलेले नाहीत, पण एक बराच उतरलेला. पुण्याहून नवे आणले, १०००० / ६३ व्होल्ट / १०५ डिग्री. दुकानात मोजून घेतले, ९६०० आणि ९७५०. सातारी_कंदींच्या सांगण्याप्रमाणे मार्करने खुणा केल्या आणि मुलीकडून वेगळं तपासून घेतलं. ग्राउंडचा डाख सुटता सुटेना, २५ वॅटच्या आयर्नने जमलं नाही, ६० वॅटचा आणला.

झाकण उलटं ठेवलं तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, वडिलांच्या अक्षरात: "फ्यूज बदलला. १४/१/९६." संक्रांतीच्या सुमारास. थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

मग सिरीज बल्ब लावून चालू केला. बल्ब लख्ख झाला, मंद झाला. स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजला, डावीकडे १४ मिलिव्होल्ट, उजवीकडे २२. मग थेट लावला.

हूं तसाच आहे. होता तेवढाच.

विटेकर · रात्री ८:५५

वाईट वाटलं. खरंच.

डॉल्बी_तासगाव · रात्री ९:००

दादा, खचू नका. काकांनी सांगितलेला नॉब फिरवला का?

गावभाग_सांगली · रात्री ९:२५

आत्ता फिरवला. काका, माफ करा, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बास पूर्ण खाली नेला की हूं जवळजवळ नाहीसा होतो. पूर्ण वर नेला की खोली भरते.

जुना_कारागीर · रात्री ९:५०

माफी कशाची? आता आपल्याला चोराचं घर सापडलं.

नीट समजून घ्या. मेन फिल्टरचा हूं पॉवर स्टेजमध्ये शिरला असता, तर तो बासच्या नॉबनंतर आला असता. नॉबला तो कळलाच नसता. नॉब फिरवून बदलतो म्हणजे तो टोन स्टेजमध्येच किंवा त्याच्या आधी शिरतोय. आणि व्हॉल्यूम झिरोला असूनही येतो, म्हणजे तुमच्या अँपमध्ये व्हॉल्यूम आधी आहे आणि टोन नंतर. शिवाय दोन्ही स्पीकरमध्ये सारखा, म्हणजे दोन्ही चॅनलला एकच सप्लाय देणारी जागा.

मेन रेलमधून एक पांढरा सिरॅमिक रेझिस्टर निघत असेल, ५ वॅटचा. त्याच्यापुढे झेनर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड, आणि झेनरला लागून छोटा कंडेन्सर, १०० किंवा २२० एमएफडी. तो शोधा. प्लास्टिकचं आवरण आक्रसून डब्याचा पत्रा दिसत असेल तर तोच.

गावभाग_सांगली · रविवार, दुपारी १२:१५

मिळाला!

टोन बोर्डच्या मागच्या कोपऱ्यात, पांढऱ्या रेझिस्टरला अक्षरशः टेकून. २२० एमएफडी, ३५ व्होल्ट. निळं आवरण एका बाजूने वर ओढलं गेलंय, खालचा पत्रा उघडा. बोर्डही तिथे करपून कॉफीच्या रंगाचा झालाय. काढून मोजला: ११ मायक्रोफॅरड. २२० पैकी ११. ईएसआर २४ ओहम.

रेझिस्टर चालू होता, ३३० ओहमचा ३३२ दाखवला. तो काढून बोर्डपासून बोटभर वर उचलून बसवला, आणि नवा कंडेन्सर, २२० / ६३ व्होल्ट / १०५ डिग्री, पाय लांब ठेवून बाजूला आडवा झोपवला, पायांवर स्लीव्ह चढवून. कंडेन्सर १८ रुपयांचा.

चालू केला. बास पूर्ण वर, व्हॉल्यूम झिरो. मला वाटलं स्पीकरची वायर सुटली. कान जाळीला लावला तेव्हा बारीक स्स एवढंच. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "बंद केलास होय?"

मग वडिलांची अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली. जुन्या रेकॉर्डिंगची खरखर आहे, पण ती त्या काळाची आहे, अँपची नाही. आई शेवटपर्यंत बसली.

तंबोरा_मिरज · दुपारी १२:३०

आमच्या मिरजेचे खाँसाहेब! वाचून अंगावर काटा आला. १९३७ मध्ये ते गेले, आणि तुमच्या गावभागातल्या घरात आज दुपारी गात होते.

डॉल्बी_तासगाव · दुपारी १२:३४

१८ रुपये! जिंकलासा दादा!

कानसेन · दुपारी १२:५०

अभिनंदन. टोन बोर्डवरचे बाकीचे छोटे इलेक्ट्रोलिटिकही आता बदलून घ्या. यावर तरी ताईंचं आणि माझं एकमत व्हावं.

वालचंदी_ताई · दुपारी १:०५

झालं एकमत. फक्त एकेक करून बदला, दहा एकदम काढू नका. प्रत्येकानंतर चालू करून बघा, म्हणजे चूक झाली तर कुठे झाली ते कळतं.

विटेकर · दुपारी १:२०

मी माझं म्हणणं मागे घेतो. पण मूळ प्रश्न राहिलाच. मेन कंडेन्सर बदलायला हवे होते का? पुण्याची फेरी आणि नवे डबे, हूं तर त्यांचा नव्हताच.

जुना_कारागीर · दुपारी १:४५

हूंसाठी नको होते. मी असतो तर आधी २२० बदलला असता, आणि मग मोठे काढून मोजले असते. ८३१० वाला मी ठेवला असता. नव्यावरच २० टक्के कमी-जास्त चालतं असं छापलेलं असतं, हा त्यातच बसतो. ६२४० वाला बदलला असता. मात्र दोन रेलना दोन वयाचे डबे ठेवायला मला आवडत नाही, म्हणून शेवटी दोन्ही बदललेच असते. पैसे वाया गेले नाहीत. क्रम उलटा झाला एवढंच.

वालचंदी_ताई · दुपारी २:००

मी ८३१० ठेवला असता, काका. ईएसआर ०.०६ म्हणजे नव्याच्या दुपटीच्या आसपास असेल, पण ४० वॅटच्या अँपला अजून चार-पाच वर्षं सहज निघाला असता. वर्षातून एकदा मोजत राहिले असते.

जुना_कारागीर · दुपारी २:१०

वर्षातून एकदा झाकण उघडणारं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत भेटलं नाही, ताई. तुम्ही भेटलात.

गावभाग, झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांच्या ओळीखाली आजची तारीख घाला. काय बदललं तेही लिहा, व्हॅल्यूसकट. पेन्सिलनेच लिहा, शाई उष्णतेने उडते.

गावभाग_सांगली · दुपारी २:४०

लिहिलं. मुलीने लिहिलं, तिचं अक्षर चांगलं आहे.

हळदीचं_पोतं · दुपारी ३:०५

माझा धुऊन सावलीत ठेवलाय, आज सहावा दिवस. ट्रान्सफॉर्मर सुटा केलाय. मेगर कुणाकडे आहे?

कुपवाड_एमआयडीसी · दुपारी ३:१२

आमच्या वर्कशॉपमध्ये आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला या, फक्त ट्रान्सफॉर्मर आणा. गावभाग, तुम्ही माझा सिरीज बोर्ड घेऊन या, तो लागेल.

डॉल्बी_तासगाव · दुपारी ३:१५

मी बी येतोय. भडंग मी आनतो.